मेणवलीच्या घाटावरचं थरथरणारं शीर्षक: सहा सेकंदांच्या एका झूमचं प्रकरण

माझा मामेभाऊ वाईला असतो. पावसाळा संपता संपता तो एका पहाटे मेणवलीला गेला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे जो कृष्णेचा घाट आहे ना तिथे ट्रायपॉड लावला आणि मोबाईलवर चाळीस सेकंदांचा एक शॉट घेतला. कॅमेरा जागचा हललेला नाही. पाणी हलतंय, पायऱ्यांवर दोन कबुतरं आहेत, धुकं आहे, बाकी सगळं स्थिर. त्याच्या छोट्या माहितीपटाची सुरुवात याच शॉटने होणार होती आणि शीर्षकाचं काम माझ्याकडे आलं. वर मोठ्या अक्षरात 'मेणवलीचा घाट', खाली बारीक ओळ 'कृष्णाकाठची एक सकाळ'. अट एकच की अक्षरं हळूहळू मोठी होत आपल्याकडे यायला हवीत, इतकी हळू की येतायत हे कळायलाच दोन सेकंद लागावेत, आणि मागचा घाट मात्र होता तिथेच राहिला पाहिजे.

ऐकायला अर्ध्या तासाचं काम. मला चार संध्याकाळी लागल्या. आणि कारण एक नव्हतं, चार होती, एकाच्या पोटात दुसरं, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, कारण देवनागरी शीर्षकं करणाऱ्या कुणालाही हे आज ना उद्या भेटणारच आहे.

मी रोज एफएफएमपेगवर, म्हणजे आज्ञा टाइप करून व्हिडिओ हाताळायच्या प्रोग्रॅमवर, काम करते, टाइमलाइनवाले एडिटर फार कमी उघडते, त्यामुळे हात आधी त्यातल्या ड्रॉटेक्स्ट या व्हिडिओवर मजकूर लिहिणाऱ्या फिल्टरकडेच गेला. त्यात फॉन्ट साइझच्या जागी सूत्र देता येतं, म्हणजे वेळ पुढे सरकेल तसा आकार वाढव असं सांगता येतं. मी सांगितलं की सहा सेकंदांत १२० वरून साधारण १३४ वर जा, म्हणजे १२ टक्के वाढ. पहिल्या फटक्यात दिसलं ते भलतंच. वरची ओळ बरोबर, खालच्या ओळीत 'कृष्णाकाठची'मधला ष्णा फुटलेला, ष चा पाय मोडलेला आणि ण वेगळा उभा. हे झूमचं दुखणं नव्हतंच, मशीनवरचं एफएफएमपेग जुनं होतं. जुन्या ड्रॉटेक्स्टला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, ६.१ आवृत्तीपासून ते हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरतं आणि मग देवनागरी सरळ येते. वरच्या ओळीत एकही जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही, म्हणून ती सहीसलामत सुटली होती. तेव्हा नुसतं मोठं शीर्षक बघून शितावरून भाताची परीक्षा करायला जाऊ नका, ज्यात र्‍ह, ष्ण, क्षि असं काहीतरी आहे ती ओळ आधी टाकून बघा.

नवी आवृत्ती टाकली, ष्णा जुळला, व्हिडिओ भावाला पाठवला. दहा मिनिटांत फोन. "ताई, सगळं मस्त आहे गं, पण ती अक्षरं थंडीने कुडकुडल्यासारखी का दिसतायत?"

मला मोबाईलवर दिसलं नव्हतं. त्याने टीव्हीला जोडून बघितलं होतं. मीही मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि मग ते डोळ्यात असं खुपायला लागलं की दुसरं काही दिसेचना.

आता हे का होतं ते एकदा आकड्यांत बघू, कारण आकडे मांडल्याशिवाय नुसतं 'जर्क येतोय' म्हणत बसलं की माणूस कुठलंही बटण दाबत सुटतो. व्हिडिओ १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, सहा सेकंद म्हणजे १५० फ्रेम. शीर्षकाची रुंदी सुरुवातीला ९०० पिक्सेल, शेवटी १००८. म्हणजे एका बाजूला ५४ पिक्सेल वाढ, ती १५० फ्रेममध्ये वाटली की कडेच्या अक्षराने दर फ्रेमला ०.३६ पिक्सेल सरकायचंय. आणि मधली अक्षरं तर त्याहून कमी, केंद्रापासून १०० पिक्सेलवर असलेल्या अक्षराने दर फ्रेमला जेमतेम ०.०८. सगळी मेख इथे आहे. हळू झूममध्ये प्रत्येक हालचाल एका पिक्सेलपेक्षा लहान असते, आणि जे हत्यार पूर्ण पिक्सेलातच विचार करतं त्याला ती हालचाल दाखवताच येत नाही. ते थांबतं, थांबतं, आणि मग उडी मारतं.

ड्रॉटेक्स्टची उडी तर फारच मोठी. सूत्र तुम्ही अपूर्णांकात द्या नाहीतर कशातही द्या, ते फॉन्ट साइझ पूर्णांकात करून घेतं. १२० ते १३४ म्हणजे अख्ख्या सहा सेकंदांत फक्त १४ पायऱ्या, एक पायरी सुमारे दहा फ्रेम तशीच उभी, आणि पायरी बदलली की रुंदी एकदम साडेसात पिक्सेलने वाढणार, दोन्ही बाजूंना पावणेचार-पावणेचार. हा माहितीपट दाखवायचा होता वाचनालयाच्या हॉलमध्ये, दहा फुटी पडद्यावर. दहा फूट भागिले १९२० केलं की एक पिक्सेल दीड मिलिमीटरहून थोडा जास्तच येतो. म्हणजे दर चार दशांश सेकंदाला अक्षराची कड पडद्यावर सहा मिलिमीटर टुणकन उडणार. पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांनाही दिसेल ते.

त्यात मागचा शॉट स्थिर. बॅकग्राउंड हलतं असतं, कॅमेरा पॅन होत असता तर डोळ्याने बरंच माफ केलं असतं. इथे घाटाच्या दगडी पायऱ्या एकदम स्तब्ध आहेत, म्हणजे डोळ्याला मोजपट्टी आयती मिळाली, त्यांच्यापुढे अर्धा पिक्सेलही लपत नाही. स्थिर शॉटवरचं शीर्षक सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात कडक परीक्षा तिथेच असते.

आणि देवनागरीला वर शिरोरेखा आहे, हे इंग्रजीतून शिकवणाऱ्या कुणी सांगत नाही कारण त्यांना ती अडचणच नाही. रोमन अक्षरं सुटी सुटी, एखादं अर्धा पिक्सेल इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. आपल्याकडे 'मेणवलीचा'वर एक सलग आडवी रेघ आहे, साडेपाचशे पिक्सेल लांब. ती पिक्सेलची एक ओळ वर सरकली की अख्खी रेघ एकदम सरकते, डोळ्याला ती हालचाल हमखास कळते. शिवाय ती रेघ दिसायला सलग असली तरी असते तुकड्यातुकड्यांची, प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर थोडा चढवून ठेवतं. मी ४८ ते ५२ नंबरच्या फ्रेम पीएनजी म्हणून काढल्या आणि ८०० टक्के मोठ्या करून बघितल्या. ण आणि व च्या सांध्यावर एका फ्रेमला केसाएवढी फिकट चीर, पुढच्या फ्रेमला तीच जागा नीट, त्याच्या पुढे ल जवळ चीर. शीर्षक फेड होऊन उमटत असताना तर आणखी वाईट, अक्षरं अर्धपारदर्शक असतात आणि जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेत तिथे रंग दुप्पट लागतो, रेघेवर जपमाळेच्या मण्यांसारखे ठिपके दिसतात. सुंदर फॉन्ट घेतला, तिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे आपोआप येतात, आणि त्याच्यावर हे मणी. फार जीवावर आलं बघताना.

दुसऱ्या संध्याकाळी मी ठरवलं की अक्षरांचा आकार बदलायचाच नाही, दोन्ही ओळींचं एक पारदर्शक चित्र करायचं आणि त्या चित्राला झूमपॅन हा झूम करणारा फिल्टर लावून ते घाटाच्या शॉटवर ओव्हरले करायचं, म्हणजे वर ठेवायचं. इथे नवीन माणूस दोन ठिकाणी हमखास अडकतो म्हणून सांगते. एक म्हणजे झूमपॅन आधी लावायचा आणि ओव्हरले नंतर, उलटं केलं तर घाटही आपल्याकडे चालत येतो. आणि त्यातला डी नावाचा आकडा, तो एका आत आलेल्या फ्रेममागे किती फ्रेम बाहेर टाकायच्या ते सांगतो आणि न सांगता ९० असतो, तेव्हा चित्र लूप करून व्हिडिओसारखं आत देत असाल तर तो १ करायचा नाहीतर झूम गोगलगाय होतो.

झूमपॅनने एक गोष्ट सुधारली. अक्षरं आता एकमेकांना ढकलत नव्हती, कारण सगळं एकच चित्र. पण अख्खं शीर्षकच डावीकडे-उजवीकडे डुलायला लागलं, बारीक, पण डुलणारं. कारण परत तेच. झूमपॅन दर फ्रेमला चित्राचा एक तुकडा कापतो आणि तो ताणून पूर्ण करतो. कापायची रुंदी १९२० वरून १७१४ पर्यंत उतरायला हवी आणि डावीकडची सुरुवात ० वरून १०३ वर यायला हवी, म्हणजे दर फ्रेमला साधारण ०.६९ पिक्सेल. पण तो सुरुवात वेगळी पूर्णांकात घेतो, रुंदी वेगळी पूर्णांकात घेतो, आणि दोघांचा मेळ बसत नाही, त्यामुळे केंद्र कधी इकडे कधी तिकडे. वर आणखी, व्हिडिओचा नेहमीचा ४२० रंगप्रकार असेल तर सुरुवात सम आकड्यावरच घ्यावी लागते, कारण त्यात दोन बाय दोन अशा चार पिक्सेलमागे एकच रंग साठवलेला असतो, मग उडी एकची न राहता दोनची होते.

यावरचा जुना माहितीचा उपाय म्हणजे चित्र आधी खूप मोठं करायचं आणि मग झूमपॅनला द्यायचं. मी शीर्षक मुळातच ७६८० बाय ४३२० वर बनवलं, चौपट, रंगप्रकार ४४४ ठेवला, ज्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग असतो, म्हणजे ती सम आकड्याची सक्ती गेली, आणि बाहेर १९२० मागितलं. चौपट चित्रातला एक पिक्सेल म्हणजे बाहेरच्या फ्रेममध्ये पाव पिक्सेल, त्यामुळे डुलणं चौथाईवर आलं. आणि मोठं चित्र लहान होत असल्यामुळे अक्षरं धारदारही राहिली, लहान चित्र ताणलं की जी मऊ पडतात तसं नाही झालं. खरं सांगायचं तर इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण ७६८० ची एकेक फ्रेम मेमरीत १३० एमबीच्या वर जाते, माझ्या लॅपटॉपवर सहा सेकंदांना चार-पाच मिनिटं लागत होती, आणि भावाचा फोन आला की खालच्या ओळीतलं 'सकाळ' काढून 'पहाट' करू का. म्हणजे परत चित्र, परत सगळं. पहाट म्हणून बघितली, शेवटी सकाळच ठेवली, पण तोपर्यंत मला कळलं होतं की मजकूर हा मजकूरच राहिला पाहिजे.

म्हणून तिसऱ्या दिवशी एएसएस. ही सबटायटलची फाइल, पण तिचा उपयोग लोक संवादापुरताच करतात हे मला फार खटकतं. ती रंगवणारी लिबास ही लायब्ररी अक्षरांच्या बाह्यरेषा दर फ्रेमला नव्याने रंगवते, आकार टक्क्यांत आणि अपूर्णांकात घेते, जोडाक्षरं हार्फबझकडून जुळवून घेते, आणि ओळीतली अक्षरं आधी एकत्र जोडून मग त्यांना पारदर्शकपणा लावते, त्यामुळे शिरोरेखेवरचे ते मणी आपोआप गेले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तीच दोन सेकंदं आठ-दहा वेळा मागेपुढे केली, ण आणि व चा सांधा शोधत होते, सापडेना.

कृती अशी. फाइलच्या वरच्या भागात प्लेरेसएक्स १९२० आणि प्लेरेसवाय १०८० (म्हणजे रुंदी आणि उंची) हे लिहायलाच हवं, नाही लिहिलं तर लिबास ३८४ बाय २८८ चं कागद धरून चालते आणि तुमचं शीर्षक अर्धा पडदा खाऊन टाकतं. मग संवादाच्या एका ओळीत (या फाइलमध्ये मजकुराच्या प्रत्येक नोंदीला संवादच म्हणतात) जागा मध्यबिंदूने बांधायची, फेड द्यायचा, आणि टी नावाच्या टॅगमध्ये, म्हणजे हळूहळू बदल घडवणाऱ्या सूचनेत, सांगायचं की शून्यापासून ६००० मिलिसेकंदांपर्यंत आडवा आणि उभा आकार १०० वरून ११२ टक्क्यांवर ने. आकाराबाबत एक गंमत, इथला १२० आणि ड्रॉटेक्स्टचा १२० एक नाहीत. एएसएस फॉन्टची वरची-खालची पूर्ण उंची धरून आकार मोजतं, देवनागरी फॉन्टमध्ये मात्रा-उकारांसाठी ती उंची भरपूर ठेवलेली असते, त्यामुळे तोच आकडा टाकला तर अक्षरं बरीच लहान दिसतात. मी डोळ्याने बघत वाढवत गेले, रुंदी परत ९०० झाली तिथे थांबले.

दोन बारकावे इथे मुद्दाम सांगते कारण ते कुठे सहज सापडत नाहीत. पहिला, आकाराचा टॅग अक्षर वाढवतो पण भोवतीची काळी किनार वाढवत नाही. माझी किनार ३ पिक्सेलची होती, अक्षरं वाढत गेली आणि किनार तशीच, शेवटाला शीर्षक जरा बारकं, उघडं पडल्यासारखं वाटायला लागलं. त्याच टी टॅगमध्ये किनार ३ वरून ३.३६ केली आणि जीव आला. दुसरा, मी सुरुवातीला दोन ओळींचे दोन वेगळे संवाद केले होते, प्रत्येकाचा आपापला मध्य. दोन्ही ओळी वाढत होत्या पण त्यांच्यातलं अंतर होतं तेवढंच, त्यामुळे एक वस्तू जवळ येतेय असं न वाटता दोन फुगे फुगतायत असं वाटत होतं. दोन्ही ओळी एकाच संवादात घेतल्या, मध्ये ओळ तोडली, खालच्या ओळीला लहान आकार दिला, की अंतरही सोबत वाढतं. या एका बदलाने शीर्षकाला वजन आलं.

वेग सरळ ठेवावा की वळणाचा, यावर लोक खूप बोलतात. एक ते चार पटीचा झूम असेल तर सरळ वेग चुकीचा दिसतो, सुरुवातीला धावतो आणि शेवटी रेंगाळतो, कारण डोळा वाढ पटीत मोजतो. पण १२ टक्क्यांत शेवटचा वेग पहिल्यापेक्षा दहाएक टक्केच कमी पडतो, मला तो कधीच दिसला नाही, मी सरळच ठेवला. दिसतो तो शेवटचा ब्रेक. झूम पाचव्या सेकंदाला संपला आणि शीर्षक सहाव्यापर्यंत नुसतं उभं राहिलं तर गाडीने कच्चकन ब्रेक मारल्यासारखं होतं. म्हणून फेड होऊन दिसेनासं होईपर्यंत वाढ चालूच ठेवायची.

एवढं करून फाइल बनवली, टीव्हीवर लावली, आणि तरी काहीतरी टिकटिक. थरथर नाही, डुलणं नाही, पण मध्ये मध्ये एक बारीक ठेच. मला वाटलं आता लिबासमध्येच खोट आहे, फॉन्ट बदलून बघितला, ०.६ चा ब्लर दिला, त्याने शिरोरेखेची वरची कड छान शांत झाली आणि तो मी ठेवलाही, पण ठेच तिथेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं.

शेवटी डोळ्यावर विश्वास ठेवणं सोडलं आणि टीब्लेंड फिल्टर लावला, फरकाच्या मोडमध्ये. तो प्रत्येक फ्रेममधून आधीची फ्रेम वजा करून दाखवतो. काही हललं नाही तर काळं, हललं तर तेवढाच भाग उजळ. हे शीर्षकाच्या कामासाठी फार मोलाचं आहे. गुळगुळीत झूम असेल तर काळ्या पडद्यावर अक्षरांच्या कडा दर फ्रेमला सारख्याच मंद चमकतात. ड्रॉटेक्स्टची फाइल यातून काढली तर दहा फ्रेम काळ्या आणि मग एक लखकन. आणि माझी नवी फाइल? चार फ्रेम सारख्या, पाचवी दुप्पट उजळ. परत चार सारख्या, पाचवी दुप्पट. मोजलं, सेकंदाला बरोबर पाच वेळा.

पाच म्हटल्यावर डोक्यात लख्ख पडलं. मोबाईलचा मूळ शॉट सेकंदाला ३० फ्रेमचा, माझा माहितीपट २५ चा. तीस वजा पंचवीस पाच. मी शीर्षक आधी ३० वर रंगवत होते आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ते बदलणं सगळ्यात शेवटी, वरातीमागून घोडं. दर सहा फ्रेममधली एक फेकली जात होती, त्या जागी शीर्षक एकदम दोन पावलं पुढे. घाटाच्या शॉटमध्येही तीच फ्रेम जात होती, पण पायऱ्या स्थिर आणि पाणी असंही वेडंवाकडं हलतं, तिथे कुणाला कळणार. मोबाईल तर तीससुद्धा नेमके ठेवत नाही, उजेड कमी असला की फ्रेमचा वेग बदलतो, आणि पहाटेचा उजेड कमीच होता. फिल्टरांच्या साखळीत एफपीएस २५ पहिला आणला, शीर्षक त्याच्या नंतर, बाकी एक अक्षर बदललं नाही. टीब्लेंडमध्ये परत बघितलं तर १५० च्या १५० फ्रेम सारख्या मंद.

शेवटची फाइल एक्स२६४ या एन्कोडरवर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमवर, सीआरएफ १७ ने काढली; हा दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला. एवढ्या हळू हालचालीत बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायची माहिती, कमी असला तर एन्कोडर 'काही बदललंच नाही' समजून तुकडे तसेच पुढे ढकलतो, आणि मग केलेल्या सगळ्या अपूर्णांकांवर पाणी. हॉलला पेनड्राइव्हवर हीच फाइल दिली, मेसेजमधून पाठवलेली लावू नका असं तीनदा सांगून.

त्याच माहितीपटात पुढे घाटावरच्या देवळातल्या मोठ्या घंटेचा शॉट आहे, १७३९ साली वसई घेतल्यावर आणलेली ती, आणि त्यावर 'वसई, १७३९' एवढंच शीर्षक. भावाचं म्हणणं तिथेही तोच झूम दे, आता फाइल तयारच आहे ना. मी देऊन बघितला. पण तो शॉट त्याने हातात मोबाईल धरून घेतलाय, घंटा श्वासागणिक किंचित वरखाली होते, आणि त्याच्यावर पुढे येणारी अक्षरं बघताना पोटात ढवळल्यासारखं होतं. तिथे झूम काढून टाकला, अक्षरं एका जागी, अर्ध्या सेकंदाचा फेड.